प्रभारी संचालक, आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्र

केंद्रात मी पहिल्यांदा गेले ती दुसऱ्या कुणाच्या तरी जागी. तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि सहा महिने तास घ्यायला माणूस हवा होता. मी तेव्हा निपाणीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. राज्यशास्त्रात एम.ए. झालं होतं, नेट झालं होतं. आई तेव्हा अजून तंबाखूच्या वखारीत जायची आणि संध्याकाळी खोकत परत यायची. तिला एकदा सांगायचं होतं की आता घरी बस. बेळगावच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्र नावाचं काहीतरी आहे, हे मला जाहिरात वाचेपर्यंत माहीतही नव्हतं.

मुलाखतीला सर एकटेच बसले होते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, समोर चहाचा रिकामा कप. माझी प्रमाणपत्रं त्यांनी बघितलीच नाहीत.

"निपाणीत कुठं?"

"विहारामागच्या गल्लीत."

"नळाला पाणी कुठनं येतं तुमच्या?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. तरी सांगितलं, "तलावातनं. उन्हाळ्यात यमगर्णीवरनं, वेदगंगेतनं."

"आणि वेदगंगा?"

"महाराष्ट्रातनं येते. धरण तिकडं आहे."

"त्यांनी पाणी सोडलं न्हाई तर?"

"तर चार दिवसांआड येतं, सर. कधी आठ दिवसांआड."

त्यांनी मान हलवली. "आम्ही हितं हेच शिकवतो. सोमवारपासनं या."

सहा महिन्यांसाठी गेलेली मी तिथे एकवीस वर्षं राहिले; मध्ये जागा निघाली, कायम झाले, सरांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. त्यातली शेवटची सात वर्षं त्या केंद्राची प्रभारी संचालक होते.

केंद्र सरांनीच काढलं होतं. ते सदलग्याचे, जैन शेतकरी घरातले. घर दूधगंगेपासून हाकेच्या अंतरावर. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं, आणि एकच वाक्य ते एका भाषेत सुरू करून दुसऱ्या भाषेत संपवायचे. तरुणपणी बाहेर शिकून आले होते. परत आल्यावर विद्यापीठाच्या मागे लागून त्यांनी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळवल्या. तिथे आधी मोडकी बाकं ठेवलेली असायची. ती बाकं हलवायला माणसं मिळेनात म्हणून सरांनी आणि त्यांच्या पहिल्या तीन विद्यार्थ्यांनी ती स्वतः जिन्यावरून खाली नेली, असं आमच्या शिपाईआक्का सांगायच्या. आक्का चिकोडीकडच्या. केंद्र सुरू झाल्यापासून त्या तिथे होत्या.

पुस्तकं घेण्याची सोय नव्हती तेव्हा सरांनी पत्रं लिहायला घेतली. दिल्लीतल्या प्रत्येक वकिलातीला एक पत्र. तुम्ही जे काही छापता ते आम्हाला पाठवा, आम्ही लहान गावातले लोक आहोत, पण वाचतो. हळूहळू पाकिटं यायला लागली. नकाशे, करारांच्या प्रती, पाटबंधारे खात्यांचे अहवाल, पातळ कागदावरची मासिकं. सरांनी ती चार लोखंडी कपाटांत लावली. देशांप्रमाणे लावली नाहीत, नद्यांप्रमाणे लावली. सिंधूचं एक कपाट, मेकाँग आणि गंगा मिळून एक, नाईलचं एक, आणि चौथ्यात उरलेल्या सगळ्या. प्रत्येक खणावर त्यांच्या हातची चिठ्ठी, वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत. एखादा विद्यार्थी काही विचारायला आला की ते उत्तर द्यायचे नाहीत. किल्ली द्यायचे.

मला ते तंगी म्हणायचे. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना सदलग्याला जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांच्या घरात मला पाणी कुठल्या भांड्यातून दिलं जातंय ते मी बघितलं होतं. सगळ्यांना दिलं त्याच भांड्यांतून दिलं. तसं काही घडलं नाही, पण मी बघितलं. बघायची ती सवय माझ्या आईची, तिच्याकडून माझ्याकडे आलेली. सरांच्या बायकोनं सूर्य मावळायच्या आत जेवायला बसवलं आणि निघताना आईसाठी गुळाची ढेप दिली.

सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. कुलगुरूंनी केलं. सरांनी दुपारी मला खोलीत बोलावलं आणि चार कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "ह्या तुझ्याकडं असू देत, तंगी. नवीन येणार त्याला बाकीचं सगळं दे."

नवीन संचालक बेंगळुरूकडचे होते. त्यांच्याबद्दल मी बरीच वर्षं वाईट बोलले. आता तेवढा जोर राहिला नाही आणि खरं सांगायचं तर ते वाईट नव्हते. सरांच्या काळात केंद्रात वर्षाला दहाबारा विद्यार्थी असायचे, सगळे आसपासच्या तालुक्यांतले. ह्यांच्या काळात टांझानिया, येमेन, सुदान, अफगाणिस्तान इथून मुलं-मुली आली. त्यांनी परदेशी विद्यापीठांशी करार केले, त्यांचे फोटो भिंतीवर लावले, केंद्राला वसतिगृहात स्वतंत्र मजला मिळवून दिला. ते कुणालाही फोन करू शकत. सरांना हे कधी जमलं नसतं.

एकदा परदेशातून तीन प्राध्यापक पुण्याहून गाडीने येत होते आणि त्याच दिवशी सीमाप्रश्नावरून काहीतरी पेटलं. गाड्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडेच अडवल्या. संचालकांनी मला फोन केला, कारण मी निपाणीची. मी शेजारच्या एकाची जीप घेऊन गेले, नाक्यावरच्या पोलिसाशी कन्नडमध्ये बोलले, पलीकडच्याशी मराठीत बोलले आणि त्या तिघांना बॅगांसह चालत अलीकडे आणलं. त्यातल्या वयस्क बाईंनी मला विचारलं, ही कुठल्या देशाची सीमा. मी म्हणाले, आमचीच. त्यांना ते काही समजलं नसावं. मलाही अधिक सांगायचा उत्साह नव्हता. उन्हाचं चालून त्या लाल झाल्या होत्या.

त्या दिवसापासून संचालक माझ्यावर विश्वास टाकायला लागले. आणि त्या विश्वासातूनच पुढचं झालं.

पाहुणे वाढले तशी त्यांना बैठकीची खोली हवी झाली. लांब टेबल, पंधरा खुर्च्या, भिंतीवर पडदा. जागा एकच होती, कपाटांची. "मॅडम, हे सगळं आता नेटवर मिळतं," ते म्हणाले. अर्धं खरं होतं. नकाशे मिळतात. पण एखाद्या पाटबंधारे खात्याचा जुना अहवाल, ज्याच्या समासात सरांनी पेन्सिलीने शंका लिहून ठेवल्यात, तो कुठे मिळणार? हे मी त्यांना म्हणाले नाही. माझा बढतीचा अर्ज त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर सहीसाठी होता.

बाद करायच्या कागदांची यादी करायला त्यांनी मला सांगितलं. चार दिवस लागले. मी एकेक पाकीट काढून नाव लिहीत होते आणि आक्का गठ्ठे बांधत होत्या. त्या एकदाच बोलल्या. "सरांना सांगितलासा का, बाई?" मी म्हणाले, सांगते. यादीच्या शेवटी माझी सही आहे. पाचव्या दिवशी रद्दीवाल्याचा टेम्पो आला. दोनचार गठ्ठे मी घरी नेऊ शकले असते. कुणीही अडवलं नसतं. का नेले नाहीत, ह्याचं उत्तर मी स्वतःला निरनिराळ्या वर्षी निरनिराळं दिलेलं आहे. बढती झाली. सरांना मी सांगितलं नाही.

पुढे तीन वर्षांनी ते संचालक मोठ्या जागेवर गेले, आणि कुलसचिवांच्या कार्यालयातून मला एका परिच्छेदाचं पत्र आलं. पुढील आदेश होईपर्यंत केंद्राचा प्रभार आपल्याकडे देण्यात येत आहे. पुढचा आदेश सात वर्षं आला नाही. नवीन कुलगुरू आले की विचारायचे, किती दिवस प्रभारी आहात? मी सांगायचे. ते म्हणायचे, बघू. मीही कधी अर्ज घेऊन गेले नाही. पूर्ण संचालक नेमायचं ठरलं असतं तर जाहिरात निघाली असती, बाहेरून कुणीतरी आलं असतं आणि त्याच्यासमोर परत मी पहिल्यापासून सुरू केलं असतं. त्यापेक्षा आहे ते बरं, असं म्हणत म्हणत माणूस थकत जातो. तसंच माझं झालं.

प्रभारी म्हणून मी काय केलं असं कुणी विचारलं तर मला वसतिगृहच आठवतं. पहिल्यांदा थंडी पडली की टांझानियाच्या मुलांना घोंगड्या. येमेनच्या एकाचं अपेंडिक्स. परदेशी विद्यार्थ्यांची पोलिसांकडे नोंदणी करावी लागते, तिच्या तारखा मी माझ्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, गॅस सिलिंडरच्या तारखांशेजारी. सकाळी सहाला निपाणीच्या स्टँडवर उभी राहायचे. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. बहुतेक वेळा हत्तरगीपर्यंत झोप लागायची. शिकवणं, वाचणं, लिहिणं मागेच पडलं. ज्याच्यासाठी मी तिथे गेले होते ते काम बाकीची सगळी करत होती आणि मी त्यांच्या अर्जांवर सह्या करत होते.

ह्याच काळात, प्रभाराच्या चौथ्या वर्षी, ती आली. सुदानची, तिशीच्या आसपासची, पीएच.डी.साठी. आधी तिच्या देशात शाळेत भूगोल शिकवायची. प्रबंधाचा विषय नाईलच्या पाण्याची वाटणी. ज्या संचालकांनी केलेल्या करारातून तिला प्रवेश मिळाला ते केव्हाच निघून गेलेले. नियमाप्रमाणे मार्गदर्शक म्हणून माझं नाव घातलं गेलं. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला नाईलमधलं फारसं कळत नाही." ती शांतपणे म्हणाली, "मग कुणाला कळतं ते सांगा."

मी तिला सदलग्याला घेऊन गेले.

सरांना तोवर समोरचं दिसेनासं झालं होतं. कडेचं दिसायचं, मधलं नाही. माणसाशी बोलताना ते मान थोडी वळवून त्याच्या कानाकडे बघितल्यासारखं बघायचे. वाचन बंद झालेलं. बायको कन्नड पेपर वाचून दाखवायची तेवढाच. मी सांगितलं, ही सुदानची, नाईलवर काम करतेय. सर खुर्चीत सरळ बसले. "धरणाच्या वरच्या अंगाची का खालच्या?"

"दोन्हींच्या मधली," ती इंग्रजीत म्हणाली. "वरचे पाणी अडवतात आणि खालचे आमच्यावर ओरडतात."

सर हसले. फार दिवसांनी हसल्यासारखे. "वाच," ते म्हणाले.

मग महिन्यातून एक रविवार ठरला. ती बेळगावहून बसने निपाणीला यायची, आमच्या घरी आईच्या हातचं खायची आणि मग आम्ही दोघी सदलग्याला जायचो. ती प्रकरण वाचायची, सर मध्येच थांबवायचे, एखादं वाक्य तीनतीनदा वाचायला लावायचे. मी बाजूला बसून टिपणं घ्यायचे. त्या रविवारी मी पुन्हा काहीतरी शिकत होते. सरांच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या दारात बसून सगळं ऐकायच्या. पाच वाजले की उठायच्या आणि म्हणायच्या, आता पुरे, जेवा.

आईकडून ती मराठी शिकली. आमच्या घरात बायकासुद्धा आलो, गेलो असंच बोलतात. तीही तसंच शिकली. विद्यापीठात कुणी पुणेरी बाई आल्या आणि ही त्यांना म्हणाली, "मी सकाळीच आलतो." त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही दुरुस्त केलं नाही.

चौथ्या की पाचव्या रविवारी सर म्हणाले, "तंगी, तिसरं कपाट. वरनं दुसरा खण. जुन्या कराराच्या वेळच्या बैठकांचं टिपण हाय, निळ्या पुठ्ठ्यात. हिला तेच पाहिजे. पुढच्या वेळी घेऊन ये."

मी म्हणाले, "बघते, सर."

परतीच्या बसमध्ये ती उत्साहात होती. ते निळं टिपण मिळालं तर तिसरं प्रकरण उभं राहील, असं सांगत होती. मी खिडकीतून बाहेर ऊस बघत होते. पुढच्या महिन्यात मी आजारी असल्याचं कारण सांगून गेले नाही. ती एकटीच गेली. आल्यावर म्हणाली, सरांनी परत विचारलं.

त्या दोन महिन्यांच्या मध्येच तिच्या देशात युद्ध सुरू झालं. सकाळी सहाच्या बसमध्ये मला तिचा फोन आला आणि ती एवढंच म्हणत राहिली, घरी फोन लागत नाही. तिची आई आणि धाकटा भाऊ राजधानीत होते. विमानतळ बंद. बारा दिवस त्यांचा फोन लागला नाही. ते बारा दिवस ती आमच्या घरी राहिली. आईनं तिला एकदाही धीराचे शब्द सांगितले नाहीत. सकाळी उठून लसूण सोलायला बसवायची. "हात रिकामं ठेवू नगंस," एवढंच. तेराव्या दिवशी भावाचा निरोप आला, दोघं शहराबाहेर पडलेत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सदलग्याला गेलो. वाचायला सुरुवात व्हायच्या आत मी सरांना सांगितलं. बारा दिवस त्या मुलीला बघितल्यावर माझं लपवणं मलाच फार क्षुल्लक वाटायला लागलं होतं, असं काहीसं कारण असावं.

"सर, ती कपाटं नाहीत. बैठकीची खोली केली तेव्हा सगळं रद्दीत गेलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "यादी केली असंल की कुणीतरी."

"मी केली."

"सही?"

"माझीच आहे."

"कधी?"

मी वर्ष सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, त्यानंतर मी किती वेळा त्या घरात जेवून गेले ह्याचा. मग मान तिच्याकडे वळवून ते इंग्रजीत म्हणाले, "गेल्या वेळी जिथे थांबलीस तिथून वाच."

त्या दिवशीही पाच वाजता जेवायला बसवलं. मलाही वाढलं.  उठताना सर म्हणाले, "मॅडम, भात घ्या की." त्यानंतर त्यांनी मला कधी तंगी म्हटलं नाही. आजतागायत नाही. मॅडम म्हणतात, आणि त्या शब्दात राग असतो असंही नाही.

तिचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. निळ्या पुठ्ठ्यात काय होतं ते त्यांनी तीन रविवार आठवून आठवून तिला सांगितलं. कुठल्या बैठकीला कोण हजर होतं, कुठला आकडा कुणी मान्य केला नाही. मी लिहून घेत होते. मग तिने मूळ कागद कुठे असतील ते शोधत दोन देशांतल्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली. एकाकडून उत्तर आलं. सरांच्या आठवणीत एक नाव सोडून सगळं बरोबर निघालं.

नवीन परदेशी मुलं येणं तोवर जवळपास थांबलं होतं; प्रबंध पूर्ण होत आला तेव्हा कुलसचिवांचं पत्र आलं. केंद्रात विद्यार्थीसंख्या पुरेशी नसल्याने ते राज्यशास्त्र विभागात विलीन करण्यात येत आहे. सोबत एक मागणी होती. नस्तीसाठी केंद्राचा इतिहास दोन पानांत सादर करावा, संचालकांच्या नावांसह. मी लिहून दिला. कार्यालयातल्या लिपिकाने तो टाइप केला तेव्हा सरांचं नाव आलं, दुसऱ्या संचालकांचं आलं आणि माझ्या सात वर्षांपुढे फक्त "प्रभार" असा शब्द आला. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, तसाच फॉर्मॅट हाय." मी सही केली. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण त्या आठवड्यात वेगळीच काळजी होती.

केंद्र बंद झालं की केंद्रात नोंदणी असलेल्यांचं काय, ह्याबद्दल पत्रात ओळच नव्हती. बाकीची मुलं राज्यशास्त्राकडे गेली असती. हिचा प्रबंध मात्र केंद्राच्या विषयात, केंद्राच्या नियमांखाली. मी कुलसचिवांना भेटायला गेले. ते कन्नडमध्ये नम्रपणे म्हणाले, "केंद्रच राहत नाही तर केंद्राची विद्यार्थिनी कशी राहील? तिने राज्यशास्त्रात नव्याने नोंदणी करावी."

"नव्याने केली तर तीन वर्षं जातील. तिच्या पासपोर्टची मुदत संपत आलीये. नोंदणी तुटली तर तिचा व्हिसा जाईल, आणि जायला तिला घर नाही."

"हे लेखी द्या."

माझं कन्नड बोलण्याचं आहे, लिहिण्याचं नाही. मी लिहिलं, आक्कांच्या मुलीने ते नीट करून दिलं. आक्का निवृत्त झाल्या होत्या आणि ती तिथेच परीक्षा विभागात लागली होती. अर्ज दिला. चार दिवस काही झालं नाही. मग मी सकाळी गेले आणि कुलसचिवांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. दुपारी डबा तिथेच खाल्ला. दुसऱ्या दिवशीही बसले. मी भांडायला गेले नव्हते, भांडायचं बळही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सात वर्षांत तुम्ही कधी काही मागायला आला नाहीत."

"नाही आले."

"विलीनीकरण पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आहे. त्याच्या आत तोंडी परीक्षा झाली तर माझी हरकत नाही. परीक्षकांचं तुम्ही बघा."

हातात एकोणीस दिवस होते. प्रबंधाचे अहवाल आले होते, पण एक परीक्षक परगावी होते आणि दुसऱ्यांची तब्येत बरी नव्हती. मी दोघांनाही रोज फोन केले. लाज सोडून केले. शेवटी एक जण आले आणि दुसरे पडद्यावर दिसतील असं ठरलं. ज्या बैठकीच्या खोलीचा मला इतका राग होता, त्याच खोलीत, त्याच लांब टेबलापाशी तिची तोंडी परीक्षा झाली. ती तिच्या देशातलं लांब वस्त्र नेसून आली होती, आपल्या साडीसारखंच अंगाभोवती गुंडाळलेलं, लिंबाच्या रंगाचं. आईला मी आणलं होतं. ती शेवटच्या खुर्चीत बसून होती. पडद्यावरच्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावर तिला खूप वेळ धरलं. ती घाबरली नाही. बहुतेक उत्तरं तिने आधी सदलग्यात दिलेलीच होती.

झाल्यावर मी सरांना फोन केला. बायकोने घेतला, मग सर आले.

"झालं, सर. मिळाली डिग्री."

"तिसऱ्यावर काय विचारलं, मॅडम?"

मी सांगितलं. त्यांनी मध्ये दोनदा थांबवून प्रश्न नेमक्या कुठल्या शब्दांत होता ते विचारलं. शेवटी म्हणाले, "बरं झालं. तिला द्या फोन." मी तिला फोन दिला आणि जिन्यात जाऊन बसले. ती बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.

तिची आई आणि भाऊ तोवर कंपालाला पोचले होते. तिथल्या एका संस्थेत तिला काम मिळालं, नदीच्याच विषयावर. जाण्याआधी ती आमच्या घरी दोन दिवस राहिली. आईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. विमानात चालेल का, असं मी म्हणाले तर दोघींनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. अजून तिचा फोन येतो. आधी आईशी बोलते, मग वेळ उरला तर माझ्याशी.

एक तारखेला आम्ही राज्यशास्त्र विभागात गेलो. केंद्राच्या दोन खोल्यांत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. विभागप्रमुख माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सभ्य मुलगी आहे. मला मॅडम म्हणते आणि वेळापत्रक देताना आधी विचारते. मला दुसऱ्या वर्षाचे तास दिलेत. शिकवायला मी बसते तेव्हा घसा लवकर कोरडा पडतो, सवय गेलीये. पहिल्या आठवड्यात एका मुलीने शंका विचारली आणि मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि संध्याकाळी ग्रंथालयात बसून शोधलं. किती वर्षांनी. त्याचा आनंद झाला असं लिहावंसं वाटतं, पण खरं तर पाठ दुखत होती आणि बस चुकेल ह्याकडे लक्ष होतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं की आता वसतिगृह नाही, पोलीस नोंदणी नाही, काही नाही.

"म्हंजे तू आता सायबीन न्हायस?"

"न्हाय."

"मग दुपारी लवकर येशील की घरी."

"व्हय. मंगळवारी आणि गुरुवारी चारपातूर."

तिने थोडा विचार केला. "मग गुरवारी येताना जोंधळं दळून आण. गिरणी पाचला बंद करतोय त्यो."